शंभरातले एकतीस

अंतोफागास्ताच्या इस्पितळात, तिसऱ्या मजल्यावर
माझं काम तक्ता भरण्याचं.
वय. गाठीचा आकार, मिलिमीटरमध्ये.
पेशींची जात.
छातीतल्या कुठल्या ग्रंथींपर्यंत पोचलाय.
रक्तातल्या एका प्रथिनाचा आकडा.
जनुकात बदल: आहे, नाही, तपासलं नाही.
शेवटचा रकाना मोकळा सोडायचा,
तो पुढची दोन वर्षं भरतात.

सगळं भरलं की यंत्र एक आकडा देतं:
फुप्फुसातला हा पाहुणा
मेंदूत घर करील, याची शक्यता.

एर्मोहेनेस तापिया, एकोणसत्तर.
बंदरावर भरती-ओहोटीच्या नोंदी ठेवायचा, छत्तीस वर्षं.
लहानपणी या शहराच्या नळाला जे पाणी यायचं
ते सगळ्यांसारखा तोही प्यायला.
त्या पाण्यातल्या सोमलाला
आमच्या तक्त्यात रकाना नाही.

त्याचा आकडा आला एकतीस.

डॉक्टरीणबाई फोनवर होत्या, म्हणून त्याने मलाच विचारलं:
"शंभरातले एकतीस. त्यात मी कितवा?"

शितावरून भाताची परीक्षा सोपी.
इथं उलटं चाललेलं,
अख्ख्या भातावरून एका शिताचं भविष्य.
मी म्हणाले, समजा तुमच्यासारखे शंभर जण आहेत...
"माझ्यासारखे शंभर?" तो म्हणाला,
"ओर्फेलिना आजच माहेरी जाईल."

हसताना खोकला आला. खोकला संपेपर्यंत
मी खिडकीबाहेर बघत राहिले.
तांब्याचे पत्रे घेऊन गाडी धक्क्याकडे निघाली होती.

मग म्हणाला,
भरतीची वेळ मी वर्षभर आधी लिहायचो, मिनिटासकट,
आणि समुद्र ती पाळायचा.
पण भूकंपाची लाट त्या वहीत नसते.
तिच्यासाठी रस्त्यावर पाट्या आहेत,
पळणारा माणूस, मागे पाणी, बाण टेकडीकडे.
कधी, ते पाटीवर नाही. कुठं पळायचं, तेवढंच.

"डोक्यातून टेकडीकडे कुठून जातात, पोरी?"

दर तीन महिन्यांनी एमआरआय, मी म्हणाले.
याहून शहाणं काही सुचलं नाही.

त्याच आठवड्यात नेलिदा गोदोय आली,
शाळेच्या मुलांची व्हॅन चालवणारी, बावन्न वर्षांची.
तिचा आकडा सहा.
"सहा? सहा तर माझ्या पहिल्याच बाकावर बसतात!"
जाताना तिने मला पावाचा अर्धा तुकडा दिला, अजून गरम.

ऑक्टोबरात एका सकाळी
ती चौकातल्या गोल बागेभोवती तीनदा फिरली.
शाळेकडचं वळण डोळ्यांसमोर होतं,
पण ते वळण आहे हे तिला कळेना.
मागे मुलं टाळ्या वाजवत होती, अजून एक, अजून एक.
चौथ्या फेरीला तिने गाडी थांबवली,
किल्ली काढून सगळ्यात मोठ्या मुलीच्या हातात दिली.

शेवटच्या रकान्यात मी लिहिलं: एक.

तापियाचे आठ एमआरआय झाले. आठही स्वच्छ.
ऑगस्टमध्ये चहात साखर ढवळताना
हृदय थांबलं.
आमच्या तक्त्यात हृदयालाही रकाना नाही.
मी लिहिलं: शून्य.

बैठकीत कुणीतरी म्हणालं, अंदाज छान जुळतायत.
खरंच जुळत होते.
सहा म्हणजे शून्य नव्हे, सहात कुणीतरी असतंच,
आणि एकतीस सोडले तरी एकोणसत्तर उरतात.
मी मान डोलावली.
पावाचा वास मात्र कुठल्याच बाजूला धरता येईना.

काल ओर्फेलिना एक मोठं पाकीट घेऊन आली.
घरात ठेवायला जागा नाही, म्हणाली,
टाकून द्यायला हात होत नाही.
ती गेल्यावर मी एक फिल्म खिडकीच्या काचेला लावली.

माणसं म्हणतात, कपाळी लिहिलेलं चुकत नाही.
मी कपाळाच्या आतल्या बाजूने बघत होते.
काही लिहिलेलं नव्हतं.
राखाडी घड्या, आणि त्यांच्या पलीकडून
एक जहाज, कुठल्या तरी वेळापत्रकाप्रमाणे,
हळूहळू डावीकडून उजवीकडे.